स्पीकर मोजून काय होणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आवाजाच्या नव्या प्रयोगांवर, म्हणजे प्रेक्षकांभोवती बरेच स्पीकर लावून आवाज हॉलभर फिरवण्याच्या कार्यक्रमांवर लेख आला, तो वाचला. विषय घेतलात ते बरंच केलंत, कारण आपल्याकडे साउंड म्हटलं की एकतर डीजेच्या भिंती नाहीतर डेसिबलवरून झालेली केस, एवढंच छापून येतं. पण लेखात सगळा जोर किती स्पीकर, किती चॅनल, कुठली सिस्टीम यावरच. मी प्रायोगिक नाटकांना साउंड ऑपरेट करतो त्यामुळे गप्प बसवेना.

सॅन फ्रान्सिस्कोचं ऑडियम घ्या, फक्त आवाज ऐकण्यासाठी बांधलेलं थिएटर. तिथे 176 स्पीकर आहेत हे सगळेच सांगतात, पण खुर्च्या फक्त 49 आहेत याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. स्टॅन शाफ हा संगीतकार आणि यंत्रणा बनवणारा डग मॅकइचर्न, दोघांनी साठच्या दशकात हे वेड सुरू केलं आणि 1975 ला बुश स्ट्रीटवर आताचं थिएटर उघडलं. खुर्च्या गोलात मांडलेल्या, स्पीकर भिंतीत, छतात, जमिनीखाली, आणि कार्यक्रम सुरू झाला की मिट्ट काळोख. त्या काळोखात शाफ स्वतः कन्सोलवर बसून आवाज कुठून उचलायचा, कुठे न्यायचा, कुठे सोडायचा ते तिथल्या तिथे करायचे. म्हणजे टेप लावली आणि चहाला गेले असं नव्हे, ती खोलीच वाजवायची!

आता खुर्च्या इतक्या कमी का, तर दोन स्पीकरच्या मधोमध बसलात तरच आवाज समोर मधे आहे असं वाटतं, जरा एका बाजूला सरकलात की सगळा आवाज जवळच्या स्पीकरला जाऊन चिकटतो. आवाज उजवीकडून आला की डावीकडून हे कळायला कानाला मिलिसेकंदापेक्षाही कमी फरक पुरतो, त्यामुळे कान असा पटकन फसतो पण आणि पकडतो पण. पाचशे लोकांच्या हॉलमध्ये तिकीट सगळ्यांचं सारखं असलं तरी प्रत्येकाला वेगळंच ऐकू येणार.

पॅरिसमध्ये तर 1951 मध्येच पिएर शेफेर या रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून संगीत रचणाऱ्या माणसाच्या मंडळींनी असं यंत्र केलं होतं की वाजवणारा स्टेजवर उभा राहून हातात तारेचं वेटोळं (कॉइल) घेऊन हात फिरवणार आणि तसा आवाज हॉलमध्ये फिरणार. पुढे 1974 ला संगीतकार फ्रान्स्वा बेल यांनी आकुस्मोनियम उभं केलं, लहानमोठे, वेगवेगळ्या जातीचे स्पीकर ऑर्केस्ट्रासारखे मांडलेले, आणि संगीतकार प्रेक्षकांत मिक्सरवर फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या, सरकवत बसलेला. इथेही शेवटी हातच. तुमच्या लेखात हा हात कुठेच नाही.

आमचे काही मित्र म्हणतात आपल्याकडे असलं ऐकणार कोण. अहो, बैठकीत तंबोरे जुळेपर्यंत चिडीचूप बसणारे लोक आहेत आपल्याकडे, गवयाने सा लावला तर तो नीट लागला का यावर इंटरव्हलमध्ये वाद घालणारे! आणि बाहेरचं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, 1969 मध्येच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) स्टुडिओ लावून दिला होता आणि तिथे आपल्याच माणसांनी काम केलं, संगीतकार गीता साराभाईंनी पण. काही वर्षांत तो बंद पडला ही गोष्ट वेगळी.

मला वाटतं अडलंय ते फक्त जागेवर. नाट्यगृहांतले तालमीचे हॉल कितीतरी वेळ रिकामे असतात, त्यातला एखादा द्या, आठ बरे स्पीकर, जाड काळे पडदे, चाळीसेक खुर्च्या, झालं. छबिलदासच्या शाळेतल्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटक उभं राहिलंच ना, तिथे कुठे झुंबरं लटकत होती. फक्त एसी असा हवा की जो बंद न करताही ऐकू येणार नाही. हे लिहायला सोपं आहे, मिळणं महाकठीण, एका हॉलमध्ये तर नाटकातल्या पावसापेक्षा एसीच जास्त कोसळत होता. (भाद्रपदाच्या आधीचे दोन महिने तर विसराच, ढोलपथकांच्या सरावापुढे कुठलाही पडदा टिकत नाही, आणि त्यांना नावं ठेवायचा माझा विचार पण नाही.)

तेव्हा एक विनंती, पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला प्रतिनिधी पाठवाल तर त्याला किंवा तिला डोळे मिटून बसायला सांगा आणि काय ऐकू आलं, कुठून आलं, कुठे गेलं ते लिहायला सांगा. स्पीकरचा आकडा जागा उरली तर खाली चौकटीत टाका.

आपला,
एक वाचक, पुणे