पाडव्याच्या रात्री अर्धवट राहिलेला वाद

अंधेरी (पूर्व), मुंबई
9 नोव्हेंबर 2025

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या रात्री फोनवर आपला वाद झाला आणि मी तो रागाने मध्येच तोडला, याची रुखरुख अजून मनातून गेलेली नाही. बोलताना मला मुद्दा नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितो आहे. अमेरिकेत नोकरीसाठी परदेशी माणसांना लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसावरचे एक लाख डॉलरचे नवे शुल्क योग्यच आहे, असे तू म्हणालीस आणि अमेरिकेला तसे करण्याचा अधिकारच नाही, असे मी म्हणालो. माझे ते वाक्य चुकीचे होते. ते मी प्रथम मागे घेतो. आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे आणि कोणत्या मालावर किती जकात लावायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. आपणही तो मनसोक्त वापरला. 1991 पूर्वी आपल्याकडे काही वस्तूंवरचे आयातशुल्क 300 टक्क्यांच्याही वर होते. मग माझा आक्षेप नेमका कशाला आहे, तो आता शांतपणे सांगतो.

वर्षाला 65,000 व्हिसा आणि तिथे उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी 20,000, एवढ्या जागांसाठी सोडत निघते, त्यात काही कंपन्या कमी पगारावर माणसे भरतात आणि तुझ्यासारख्या तिथेच शिकलेल्या मुलीचे नशीब चिठ्ठीवर अवलंबून राहते, हे तुझे म्हणणे मला पटते. ती पद्धत सुधारायला हवी होती. परंतु या शुल्काच्या आदेशावर राष्ट्राध्यक्षांची सही शुक्रवारी, 19 सप्टेंबरला झाली आणि अंमल 21 तारीख उजाडण्याआधीच, मध्यरात्री सुरू झाला. समोरच्या इमारतीतला मुलगा बहिणीच्या साखरपुड्यासाठी आला होता. शनिवारी सकाळी बातमी वाचून, मिळेल त्या भावाचे तिकीट काढून, तो दुपारीच विमानतळावर गेला. साखरपुडा रविवारी होता. ज्यांच्याकडे व्हिसा आधीच आहे त्यांना हे शुल्क लागू नाही, हा खुलासा तो विमानात असताना आला. पुढे 20 ऑक्टोबरला आणखी एक खुलासा झाला की अमेरिकेत राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांनाही ते भरावे लागणार नाही. त्यामुळे तू सुटलीस आणि तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मलाही हायसे वाटले, ते लपवत नाही. पण ज्या नियमाचा अर्थ महिन्यात दोनदा सांगावा लागतो, त्याच्या भरवशावर माणसाने शिक्षणाचे कर्ज कसे काढावे? म्हणूनच तू जेव्हा "बाबा, मला तर लागूच नाही" असे म्हणालीस, तेव्हा ते मला लागले.

आमच्याकडचे तुला तुकड्यातुकड्यांनी कळले आहे, ते सलग लिहितो. सोन्याच्या दागिन्यांवर अमेरिकेत पूर्वी साडेपाच ते सात टक्के जकात होती. तिच्यावर 7 ऑगस्टला 25 टक्के आणि रशियाकडून तेल घेतल्याच्या कारणाने 27 ऑगस्टला आणखी 25 टक्के चढले. सीप्झ या अंधेरीतल्या निर्यात क्षेत्रातल्या आमच्या दागिन्यांच्या युनिटचा बहुतेक माल तिकडेच जातो आणि नाताळच्या ऑर्डरी नेमक्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये रवाना होतात. 27 तारखेच्या आत माल विमानात चढावा म्हणून आम्ही ओळीने रात्रपाळ्या केल्या. त्यानंतरच्या सोमवारी सेटिंग विभागात आलो, तर निम्म्या बाकांवरचे दिवे बंद होते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिरे बसवणारी ती माणसे. दिवा बंद म्हणजे काम नाही, आणि आमच्याकडे बहुतेकांचा पगार कामाच्या नगावर आहे.

आमच्यातला सर्वांत जुना सेटर पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातला आहे. सगळे त्याला दादा म्हणतात. सप्टेंबरात तो गावी परतला. जाण्याचे कारण कामाचा तुटवडा हे होतेच, पण तेवढेच नव्हते. मुंबई-ठाण्यात बांगलादेशी घुसखोरांची शोधमोहीम सुरू झाल्यापासून तो आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि वडिलांच्या जमिनीच्या कागदाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात बाळगत असे. पश्चिम बंगालमधल्या काही मजुरांना सीमेपलीकडे धाडून नंतर परत आणावे लागले, ही बातमी त्याने मला मोबाइलवर दाखवली होती. बेकायदा आलेल्यांना शोधणे हे सरकारचे कामच आहे, याविषयी माझे दुमत नाही. मात्र पंचवीस वर्षे या शहरात राबलेल्या माणसाला बोलीवरून संशयित ठरवणे मला मान्य नाही. आणि मुक्ता, एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती: तो नवा आला, तेव्हा "या लोकांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या" असे त्याच्या देखत बोलणाऱ्यांत मीही होतो. तुझ्याबद्दल तिथे कोणी असे बोलत असेल का, या विचाराने आता मला झोप लागत नाही.

तू म्हणशील, हे सगळे अमेरिकेमुळे. तसे नाही. यवतमाळच्या तुझ्या मामाचे ऐक. आपल्या सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्टपासून उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि लगेच दहा दिवसांत ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकी जकातीने अडचणीत आलेल्या कापड निर्यातदारांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हेतू होता आणि तो हेतू मी वाईट म्हणणार नाही. पण मामाने बियाणे-खत जूनमध्ये घातले ते हे शुल्क आहे असे धरून, आणि त्याची वेचणी आली ती नेमकी त्या सवलतीच्या काळात. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल असताना व्यापारी त्याच्या खाली बोलतात आणि सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या अटीपायी गाडी उभी राहते.

बंदी, शुल्क, सूट, काहीही असो. माणसाने नियम धरून पेरणी केल्यावर, कर्ज काढल्यावर, परदेशी पाऊल टाकल्यावर नियम एका रात्रीत फिरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. कायदेमंडळात प्रस्ताव आला की चर्चेला वेळ लागतो आणि त्या वेळात सामान्य माणूस आपली सोय लावतो. त्याच कारणासाठी बुधवारी वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात झालेली सुनावणी मी रात्री जागून ऐकली. आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या 1977 च्या कायद्यात जकातीचा शब्दही नसताना राष्ट्राध्यक्ष ती लावू शकतात का, हा प्रश्न तिथे आहे. निकाल काय लागेल तो लागो. प्रश्न योग्य जागी विचारला गेला, याचे मला समाधान वाटले.

त्या रात्री तू तिथल्या कामगाराची बाजू सांगू लागली होतीस, कारखाने बंद पडलेल्या गावांविषयी काही म्हणत होतीस, आणि मी ते ऐकून घेतले नाही. ते मला सविस्तर लिहून पाठव. तुझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीचे वडील अशा गावातले आहेत, त्यांचे काय म्हणणे आहे, तेही विचार.

फराळ उशिरा पोहोचेल. ऑगस्टअखेर टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले होते, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले आणि आमचे तिथे जाणे दिवाळीनंतरच झाले. चिवडा, शंकरपाळी आणि कडबोळी आहेत. अनारसे टिकणार नाहीत म्हणून आईने पाठवले नाहीत. पीठ मात्र वाळवून ठेवले आहे.

तुझा,
बाबा