गावच्या लेकीच्या अपस्मारावरील शस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ आणि कामधंद्यानिमित्त बाहेरगावी असलेल्या गावकरी बंधू-भगिनींनो,

परभणी जिल्ह्यातील आपल्या या गावात, एका ऊसतोड कुटुंबातील १९ वर्षांची मुलगी लहानपणापासून अपस्माराने, म्हणजे फिट येण्याच्या आजाराने, त्रस्त आहे. आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले की ती आजीजवळ राहते. भाकरी करताना आलेल्या झटक्यात तिचा उजवा हात चुलीत गेला. तो तळहात आजही पुरता मिटत नाही आणि पेन धरताना तिला अंगठा व दोनच बोटांवर भागवावे लागते.

अपस्माराच्या बहुतेक रुग्णांना नियमित गोळ्यांनी आराम पडतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके योग्य औषधे घेऊनही थांबत नाहीत, आणि ही मुलगी त्यांपैकीच आहे. मुंबईत व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासह मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) व एमआरआय केल्यावर तिचे झटके मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सुरू होत असल्याचे आढळले, त्यामुळे दोष असलेला भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तिच्यासाठी शक्य नाही. म्हणून डॉक्टरांनी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन हा उपचार सुचवला आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या या उपचारात डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटे यंत्र बसवतात आणि त्याची तार मानेतील व्हेगस या नसेभोवती गुंडाळतात. साधारणपणे ३० सेकंद सौम्य विद्युतप्रवाह आणि मग ५ मिनिटे विश्रांती, असे ते रात्रंदिवस चालते. झटक्याची चाहूल लागताच मनगटावरचे लोहचुंबक छातीवरून फिरवले, तर जादा प्रवाह मिळून काही वेळा झटका तिथेच आवरतो. हे आजीलाही करता येईल.

या उपचाराने आजार मुळापासून जात नाही, हे देणगी मागतानाच स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. साधारण निम्म्या रुग्णांमध्ये झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतात, तेही हळूहळू. गोळ्या चालूच राहतात, प्रवाह सुरू असताना आवाज थोडा घोगरा होतो. तरीही जिचे अंगण-ओसरीपलीकडचे जगणेच थांबले आहे, तिच्यासाठी निम्मे झटके कमी होणे ही फार मोठी गोष्ट आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

यंत्र व शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांच्या घरात असून रुग्णालयाचे अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी अर्ज केलेला आहे. मात्र खरी अडचण शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. प्रवाहाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवण्यासाठी मुंबईला वारंवार जावे लागेल, सोबतच्या माणसाची मजुरी बुडेल आणि काही वर्षांनी बॅटरी संपल्यावर यंत्र बदलावे लागेल. म्हणून एकरकमी देणगीबरोबरच, सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून दरवर्षी थोडी रक्कम देण्याचा शब्द ज्यांना देता येईल, त्यांनी तो जरूर द्यावा. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांनी मुक्कामाची सोय केली, तर तीही मोठीच मदत होईल.

ज्यांना पैसा देणे शक्य नाही, त्यांनी एवढे करावे: झटका आल्यास कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, तिला कुशीवर वळवावे आणि झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त चालल्यास तातडीने दवाखान्यात न्यावे.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. जमा रकमेचा हिशेब ग्रामसभेत मांडला जाईल आणि शिल्लक राहिलेली रक्कम पुढे यंत्र बदलण्यासाठी मुलीच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवली जाईल.

आपले नम्र,
ग्रामपंचायत व गावातील मदत समितीचे सर्व सदस्य