घड्याळजी बावळट नव्हता हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेलच्या 'लर एस्पान्योल' या विनोदी ऑपेरावरचा (म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकावरचा) लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहितोय. आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडलांपासूनचं, त्यामुळे घड्याळजीच्या बायकोची भानगड म्हटल्यावर आधी आमच्या हिनेच पेपर ओढून घेतला, ते जाऊ दे. पण लेखात सगळा भर चावटपणावर आणि नवऱ्याला तर चक्क 'बावळट' लिहिलंय. मग पुतण्याने मला यूट्यूबवर लावून दिलं, खाली इंग्लिश सबटायटल, जेमतेम पन्नास मिनिटांचा एकच अंक आहे, मी दोनदा बघितला.

अहो, एकही माणूस गायच्या आधी ती घड्याळंच सुरू होतात! स्पेनमधल्या टोलेडो गावातलं टोर्केमाडाचं, म्हणजे त्या घड्याळजीचं, दुकान, आणि राव्हेलने वाद्यांमध्ये तीन मेट्रोनोम (टिकटिक करून ताल दाखवणारं यंत्र) ठेवलेत, एक मिनिटाला ४० ठोक्यांचा, एक १०० चा, एक २३२ चा, तिघं एकदम चालू. आमच्याकडे दुरुस्त केलेली लंबकाची घड्याळं आठ-दहा दिवस भिंतीवर चालवून बघतो, दुपारी गिऱ्हाईक नसताना ऐका कधी, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, मध्येच दोघांची टिकटिक एक होते, वाटतं चला जमलं, की परत फाटते. तुमच्या लेखात 'विजोड लग्न' 'विजोड लग्न' चार वेळा आलंय, ते राव्हेलने पहिल्या दोन मिनिटात वाजवून दाखवलंय आणि त्याचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही. त्याचे वडील इंजिनियर होते, पोराला यंत्रांचं वेड तिथूनच आलं असणार.

गोष्ट साधी आहे. टोर्केमाडा आठवड्यातून एकदा गावातली सरकारी घड्याळं लावायला बाहेर जातो, तेवढाच वेळ बायकोला, म्हणजे कन्सेप्सिओनला, मोकळा. (माझे वडीलपण दर आठवड्याला मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी द्यायला जायचे, तेव्हा दुकानात आई बसायची, पण ती इतकी कडक होती की उधारीवालेसुद्धा फिरकायचे नाहीत.) नेमका त्याच दिवशी रामिरो नावाचा खेचरवाला घड्याळ दुरुस्तीला घेऊन येतो आणि मालक येईपर्यंत थांबतो म्हणतो. आता याला कुठे घालवायचा? तर बाई त्याला कपाटाएवढं उभं घड्याळ वरच्या खोलीत न्यायला सांगते. तेवढ्यात तिचा प्रियकर कवी येतो, मागून तिच्यावर डोळा असलेला सावकार येतो, दोघंही एकेका घड्याळात लपतात, आणि हा गडी आतल्या माणसासकट घड्याळ खांद्यावर घेऊन जिना चढतो-उतरतो, चकार शब्द नाही. आम्ही रिकामं घड्याळ हलवायचं तरी आधी लंबक काढून ठेवतो, इथे आत अख्खा कवी!

खरी गंमत म्हणजे बाकीचे सगळे बोलल्यासारखं गातात, राव्हेलला तसंच हवं होतं, आणि नीट ताना घेऊन गातो तो फक्त कवी. बाईला घाई झालीय, नवरा कुठल्याही क्षणी येईल, आणि याचं आपलं घड्याळावर काव्य चालूच. सावकार तर घड्याळात अडकूनच बसतो. शेवटी बाई वैतागून रामिरोला म्हणते चल वर, तो विचारतो कुठलं घड्याळ नेऊ, ती म्हणते घड्याळाशिवाय.

हे पॅरिसच्या ऑपेरा कॉमिक थिएटरमध्ये १९ मे १९११ ला पहिल्यांदा झालं. संगीताचा आराखडा १९०७ लाच तयार होता, पण थिएटरच्या संचालकांना कथा जरा जास्तच वाटली म्हणून रखडलं. तोपर्यंत १९०८ मध्ये राव्हेलचे वडील गेले, त्यांना हे बघायलाच मिळालं नाही, ते वाचून वाईट वाटलं.

आपल्याकडे पाच वर्षांनी, १९१६ ला, देवलांचं 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं, त्याचंही मूळ शोधत गेलं तर फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातं. आपल्या फाल्गुनरावाला बायकोच्या हातात नुसती तसबीर दिसते आणि तो नाटकभर जळत राहतो, घडलेलं मात्र काहीच नसतं. राव्हेलकडे उलटं, सगळं घडतं आणि नवऱ्याला संशय येताना दिसतच नाही. मला विचाराल तर फाल्गुनराव जास्त हसवतो, पण टोर्केमाडा जास्त दिवस डोक्यात राहतो.

कारण तो परत येतो तेव्हा दोन घड्याळांत दोन परपुरुष असतात. हा आरडाओरडा करत नाही. वा, घड्याळं आवडलेली दिसतात तुम्हाला, म्हणून दोन्ही घड्याळं त्यांच्याच गळ्यात मारतो, आणि ते बिचारे नाही कसं म्हणणार! वर बायकोला सांगतो, आता तुला खोलीत घड्याळ नाही, पण रामिरो रोज खेचरं घेऊन खिडकीखालून जातो, तो वेळ सांगत जाईल. तो हे सगळं कळून बोलतो की न कळून, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे, ही म्हणते कळलेलं नाही, मी म्हणतो चोरावर मोर आहे तो.

एका दुपारीत दोन मोठी घड्याळं, तीही घासाघीस न होता, आमच्या दुकानात दोन पिढ्यांत खपलेली नाहीत. तेव्हा तेवढा 'बावळट' शब्द पुढच्या रविवारी दुरुस्त करावा ही विनंती.

आपला,
एक घड्याळवाला वाचक, सातारा