कुर्लीचे कवच जड, म्हणून ती सुखरूप नव्हे

मा. संपादक,
स. न.

समुद्राच्या आम्लीकरणावरील आपली बातमी वाचली. या विषयाला जागा दिलीत याचा मनापासून आनंद झाला. पण 'आम्लामुळे खेकड्यांची कवचे विरघळतील' इथेच ती थांबली. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून पुढचे लिहिल्यावाचून राहवत नाही.

समुद्र काही आम्ल झालेला नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो आम्लाच्या दिशेने सरकला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी वरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक क्षुल्लक वाटतो, पण सामूच्या मोजपट्टीवर एवढ्या उतरणीचा अर्थ आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले असा होतो.

कवचाचे म्हणाल, तर २००९ मध्ये अमेरिकेतील वूड्स होल या सागरी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १८ प्रजाती जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढवल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांचे कवच नीट बनेना. खेकडा, शेवंड आणि कोळंबी यांनी मात्र उलट जास्तच कवच चढवले! मग कुर्ल्यांना, म्हणजे आमच्याकडच्या खेकड्यांना, भीती नाही, असे कुणीही म्हणेल. माझी तक्रार नेमकी त्या समजुतीविषयी आहे. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात जाणती बाई नुसत्या कवचावर जात नाही, कुर्ली उलटी करून अंगठ्याने दाबून बघते. पौर्णिमेची कुर्ली वरून भरदार आणि आत पोकळ निघते, हे तिला ठाऊक असते.

ताजी कुर्ली साफ करताना जे पाणचट द्रव येते, ते हवेवर थोडा वेळ राहिले की निळसर दिसते. ते तिचे रक्त. आपल्या रक्तात लोह, तिच्या रक्तात तांबे. बाहेरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो कल्ल्यांतून रक्तात साठू लागतो, रक्ताचा सामू उतरतो आणि त्या तांब्याच्या प्रथिनाची प्राणवायू धरण्याची ताकद बदलते. तोल सावरायला कल्ले क्षारांची देवघेव वाढवतात आणि रक्तात बायकार्बोनेट साठवतात. हे काम फुकट होत नाही. त्यात खर्ची पडणारी ऊर्जा वाढीच्या, अंड्यांच्या आणि कात टाकण्याच्या वाट्यातून जाते. कात टाकल्यावर तर मऊ अंगाने लपून बसलेल्या कुर्लीला नवे कवच टणक करायचे असते. चुना बसताना तयार होणारे आम्ल तिला बाहेर टाकावे लागते, आणि बाहेरच्या पाण्यात ते आधीच वाढलेले असते.

हा तोल सगळ्यांना साधत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डंजनेस खेकड्याने प्रयोगात २४ तासांत रक्त सावरले, खोल समुद्रातल्या टॅनर खेकड्याला ते जमले नाही. अलास्कातील कोडियाकच्या प्रयोगशाळेत ७.५ सामूच्या पाण्यात लाल किंग खेकड्याचे एकही पिल्लू ९५ दिवसांपुढे जगले नाही. आणि डंजनेसच्या डिंभांची, म्हणजे अंड्यातून निघालेल्या इवल्या पिल्लांची, कवचे प्रत्यक्ष समुद्रातच झिजलेली सापडली, त्यांवरील संवेदी केसही तुटलेले होते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पिल्लांपुरती आपली बातमी खरी आहे.

आपल्या समुद्राची मला जास्त काळजी वाटते. पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खालचे पाणी वर येते. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या कमी प्राणवायूच्या पाण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. ज्या रक्ताने प्राणवायू धरायचा, त्याच रक्ताचा तोल त्याच दिवसांत ढळतो. खाडीतली चिंबोरी भरती-ओहोटीच्या बदलत्या पाण्यात वाढलेली असल्याने कदाचित निभावून नेईल. खडकातल्या शेवंडीबद्दल मला तशी खात्री वाटत नाही.

किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचे आकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था दरवर्षी देते. त्यांच्या शेजारी त्या त्या किनाऱ्याच्या पाण्याचा सामू आणि प्राणवायूही मराठीत छापून यावा, निदान ऑगस्ट ते ऑक्टोबरचा. जाळे टाकणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे. आपल्या दैनिकाने यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले