रात्री पावणेतीनला वाजलेल्या त्या एका फोनबद्दल, थँक्यू दादा

दादा, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण वाचलंत की कळेलच.

आमच्या मंडळाच्या रुग्णवाहिकेचा नंबर इंटरनेटवरच्या फोनवर आहे. दिवसा छान चालायचा, रात्री मात्र लोक म्हणायचे कितीदा लावला, कोणी उचललाच नाही, आणि आमचा ड्रायव्हर फोनशेजारी बसून, शपथेवर सांगायचा की वाजलाच नाही. एका रात्री एक काका काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. काकू वाचल्या, पण काका दुसऱ्या दिवशी दारात येऊन नुसते उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मी ड्रायव्हरला नको नको ते बोलले.

सिस्टीम बसवून देणाऱ्यांच्या दीड महिना मागे लागले होते. राउटर बंद करून चालू करा, आमच्याकडून ओके दिसतंय, तुमचा माणूस झोपत असेल. चेक करायचे दुपारी बारा वाजता, तेव्हा ओकेच दिसणार ना!

तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, त्याआधीचा फोन कधी आला होता? हे कोणी विचारलंच नव्हतं. रात्री फोन कमी येतात, कनेक्शन गप्प पडून राहतं, राउटर ते विसरून जातो आणि कोणालाच सांगत नाही. सर्व्हरला, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या कंप्युटरला, वाटतं लाईन जिवंत आहे, फोनवर पण हिरवा दिवा. मग कॉल आला की सर्व्हर त्या मेलेल्या लाईनवर निरोप पाठवून ३२ सेकंद वाट बघतो आणि सोडून देतो, आणि राउटरच्या आतल्या फोनपर्यंत नवीन रस्ता त्याला बाहेरून काढताही येत नाही, तो फोननेच काढायचा असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची लाईन जिवंत आहे का बघायची स्वतःची तपासणी चालू केली तरी पहिल्यांदा विचारणार ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. यावरचा उपाय २००९ पासून एसआयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरचे फोन ज्या पद्धतीने जोडले जातात तिच्या, नियमात लिहिलेलाय म्हणे! फोनने दर दोनेक मिनिटांनी दोन रिकाम्या ओळी पाठवायच्या, सर्व्हरने एक परत पाठवायची, दहा सेकंदात नाही आली तर लाईन मेली समजून नवीन जोडायची. एवढंच. आमच्याकडे ते बंद होतं.

सेटिंग तुम्ही संध्याकाळीच केलंत. लगेच लावून बघितलंत, वाजला, माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. पण हा बिघाड शांततेनंतरच दिसतो म्हणून तुम्ही कोणाला न सांगता अलार्म लावून पावणेतीनला उठलात आणि फोन केलात. पैसे घेतले नव्हतेत, कोणी सांगितलं नव्हतं, सकाळी तुम्हाला ऑफिस होतं. अशी माणसं असतात म्हणून चाललंय बघा सगळं, नाहीतर दुसऱ्याच्या गावातल्या रुग्णवाहिकेसाठी कोण झोपमोड करून घेतं.

आणि फोन वाजला, ड्रायव्हरने उचलला, तर ठेवायच्या आधी त्याला म्हणालात, "भाऊ, तुम्ही जागेच होतात, फोनच वाजत नव्हता." मी इतके दिवस त्याला हे म्हणू शकले नव्हते दादा. सकाळी मी आले तर त्याने स्वतःच सांगितलं, डोळ्यात पाणी होतं, मग मी त्याची माफी मागितली.

कॉलच्या वहीत त्या रात्रीची एकच नोंद आहे, त्याच्या अक्षरात. २:४५, पेशंट नाही, फोन वाजला.