फादर, तुम्ही खोडलेल्या एका वाक्याबद्दल

आदरणीय फादर,

मानवी उत्क्रांतीवरच्या माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती परवा हातात आली. पहिल्या आवृत्तीत मी बेधडक लिहिलं होतं, ‘कॅथलिक चर्चने डार्विनच्या ग्रंथावर बंदी घातली.’ सगळेच असं म्हणतात, म्हणून तपासावंसंही वाटलं नाही. ते वाचून तुमचं पत्र आलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत चार्ल्स डार्विनचं नाव कधीच नव्हतं, होतं ते त्याच्या आजोबांचं, एरॅस्मस डार्विन यांच्या ‘झूनोमिया’चं, एवढंच तुम्ही कळवलंत.

चूक दाखवून तुम्ही थांबला असतात तरी मी आभार मानलेच असते. पण पुढच्याच परिच्छेदात तुम्ही लिहिलंत की वाक्य खोडताना चर्चला निर्दोष ठरवू नका. आणि ज्या गोष्टी मला सापडल्याच नसत्या, त्या तुम्हीच माझ्यासमोर ठेवल्यात. डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू लरुआ यांनी 1891 मध्ये उत्क्रांती आणि श्रद्धा यांचा मेळ घालू पाहिला आणि 1895 मध्ये त्यांना आपलं म्हणणं जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. अमेरिकेतल्या फादर झाम यांचं याच विषयावरचं 1896 चं पुस्तक 1898 मध्ये रोममध्ये निषिद्ध ठरलं, पण तो हुकूम कधी जाहीरच झाला नाही. हे कागद अभ्यासकांसमोर आले ते 1998 मध्ये रोममधलं चर्चचं ते दप्तर खुलं झाल्यावर. तेयार द शार्दां या जेझुइट संघाच्या धर्मगुरू-जीवाश्मतज्ज्ञाने चीनमध्ये पेकिंग मानव या आदिमानवाच्या उत्खननात काम केलं, पण माणसाच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा मुख्य ग्रंथ छापायला त्यांना हयातभर परवानगी मिळाली नाही. 1955 मध्ये ते गेले आणि त्यानंतर तो निघाला. 1962 मध्ये त्यांच्या लेखनाबद्दल रोमने सावधगिरीची सूचनाही काढली. आपल्याच घरातल्या या गोष्टी तुम्ही एका परक्या लेखिकेला सांगितल्यात, ‘नोंदवा’ म्हणालात.

फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे 1908 मध्ये निअँडरथल या प्राचीन मानवाचा जवळजवळ अखंड सांगाडा शोधणाऱ्यांत बुइसोनी हे दोघे भाऊ होते, आणि दोघेही धर्मगुरू, हेही तुमच्यामुळेच कळलं. हा मृतदेह खड्ड्यात मुद्दाम पुरलेला आहे, असं त्यांनी मांडलं. (इथे मी वाचता वाचता थांबले. मृताला निरोप देणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांच्याच नजरेला तो खड्डा पडावा!)

भाषांतराचा प्रसंग तर मी विसरणारच नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीला फ्रेंचमध्ये पाठवलेल्या संदेशातलं वाक्य मी ‘एकाहून अधिक गृहीतकं’ असं दिलं होतं. तुम्ही मूळ शब्द काढून दाखवलेत: उत्क्रांती ही ‘निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक’ आहे. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या इंग्रजी आवृत्तीनेही आधी हीच गफलत केली होती. मी तिथूनच उचललं होतं. एका शब्दाने अर्थ केवढा उलटला होता!

आता माझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. पोप बारावे पायस यांनी 1950 च्या परिपत्रकात माणसाचं शरीर आधीच्या सजीवांतून आलं का, याचा अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाने निर्माण केलेला, असं बजावलं. त्याच परिपत्रकात, सगळी माणसं एकाच आदामापासून न येता अनेक मूळ जोडप्यांपासून आली, हे मत स्वीकारण्याची मुभा श्रद्धावंतांना नाही, असंही आहे. जनुकशास्त्र मात्र आपल्या पूर्वजांची संख्या काही हजारांच्या घरात होती असं सांगतं. मी तुम्हाला विचारलं होतं, हे कसं जुळवायचं? चर्चमधले विद्वान काय काय मांडतात ते तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि खाली जोडलंत, ‘मला यातलं एकही उत्तर पुरतं पटलेलं नाही. तसंच लिहा.’

तसंच लिहिलंय, फादर. पान 214 वर. तुमच्या इच्छेप्रमाणे ऋणनिर्देशात तुमचं नाव घातलेलं नाही, म्हणून हे पत्र. पुस्तकाची प्रत वेगळ्या टपालाने निघाली आहे. तेयारवरचं प्रकरण पुन्हा वाढवलंय, तेवढं पेन्सिल घेऊन वाचा.

तुमची ऋणी,
एक लेखिका