साडेपाचची गोळी

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई "आवाज का बसलाय?" विचारते आणि मी "रेंज नाही" म्हणून मोकळी होते. आई, रेंज होती. आवाजाच्या नसा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला अगदी लागून जातात. थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये त्यांना जरा जरी ताण बसला तरी आवाज काही आठवडे घोगरा राहतो. आता पुष्कळ सुटलाय. गाठ साधीच निघाली हे आधी कळवलंय, तरी पुन्हा लिहिते, कारण बाबा रात्री तेवढीच ओळ काढून वाचतील.

परवा रिपोर्ट आल्यावर बाबा म्हणाले, "दीड महिना गोळी घेऊनही टीएसएच ९? डॉक्टर बदल." बाबा, टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉईडचं औषध अंगात कमी पडतंय, पण ती डॉक्टरांची चूक नव्हती, माझी होती. ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात. त्या काही दिवस मंदावल्या होत्या, म्हणून मला कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. मी काय केलं, विसरायला नको म्हणून थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच घेत गेले. कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. म्हणजे १०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेत होते, पण अंगी लागत होती त्याहून कमी. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, वेळ बदलली. आता साडेपाचला गजर होतो. उशाशी भांडं झाकून ठेवलेलं असतं, गोळी साध्या पाण्याबरोबर घेते आणि परत पडते. तासभर काही खात नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम दुपारी, चार तासांहून जास्त अंतर ठेवून. आई, "गोळी दुधाबरोबर घे, पोटात आग होणार नाही" म्हणतेस ते मायेनं, पण दुधातही कॅल्शियमच. आणि एखाद्या दिवशी चुकली तर घाबरायचं कारण नाही. हे औषध अंगात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. म्हणूनच बदलाचा परिणामही लगेच दिसत नाही आणि पुढचं रक्त सहा आठवड्यांनीच तपासायचं. वहिनीला सांग, तिने सुचवलेल्या केसांच्या गोळ्या मी बंद केल्यात. त्यातल्या बायोटिन या जीवनसत्त्वाने थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे फसवे येतात.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून उमगत नाही. नर्स दर आठवड्याला फोन करते आणि विचारते, "थकवा दहापैकी किती?" शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे उठवतच नाही. आपल्याकडे कुणी असं विचारतं का? आपण म्हणतो अंग मोडून आलंय, हातपाय गळालेत, कणकण आहे, मरगळ आलीय, नुसतं पडून राहावंसं वाटतंय. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं. इथे या सगळ्याला एकच शब्द आणि त्याला एक आकडा. मी पहिले कितीतरी आठवडे "तीन" सांगत राहिले. बऱ्या माणसाने तीनच सांगावं, नाही का? तेव्हा तिने आकडा सोडला आणि विचारलं, "आज केस कसे धुतलेस?" मी म्हटलं, "स्टुलावर बसून. मध्ये दोनदा हात खाली ठेवून." ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग हे तीन नाही." मला तिथेच रडू आलं. त्या दिवसापासून खरा आकडा वहीत लिहिते. सकाळी चार, दुपारी तीननंतर सात. जड कामं सकाळी उरकते, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटते आणि दमण्याच्या आधीच थांबते. दमल्यावर थांबलं की दुसरा दिवसही जातो. हे मी फार उशिरा शिकले. गेल्या चार दिवसांत दुपारचा सात पाचावर आलाय.

जन्मभर गोळी म्हणून आत्या हळहळली. तिला सांगा, ग्रंथी जे बनवत होती तेच या गोळीत आहे. बाबा बीपीची गोळी घेतात, तशीच ही.

या महिन्यात पैसे कमी पाठवतेय. भरपगारी रजा संपली, अजून तीन आठवडे अर्धा दिवसच काम. पण म्हणून बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. त्यासाठीचे वेगळे ठेवलेत, त्यांना मी हात लावलेला नाही. तुम्ही माझ्यासाठी यायचं म्हणालात आणि मीच नको म्हटलं, हे मला रोज खुपतं. तुम्हाला ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सांगितलं तेही.

आत्याने आणलेल्या स्थळाचं. "गळ्याचं आत्ताच सांगायला नको," असं तुमचं ठरलंय म्हणे. आई, तसं नको. व्रण करंगळीएवढा आहे, अजून लालसर आहे, फोटोत दिसतो, दिसू दे. मुलंबाळं होण्यात अडचण नाही असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. फक्त दिवस राहिले की लगेच त्यांना कळवायचं, कारण तेव्हा गोळी जास्त लागते. हे सगळं स्थळाकडच्यांना आधी सांगा, मग पत्रिका द्या. ते नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल, पण साडेपाचची गोळी मी कुणाच्या घरात लपून घेणार नाही.

आणि आई, गेल्या रविवारी "मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवला, ती मीटिंग नव्हती. मला झोप आवरत नव्हती. पुढच्या वेळी झोपते असंच सांगेन, तू काळजीत पडू नकोस.

तुमची,
धाकटी